रिमोट प्रकरणाचा गोपनीय तपास

सोमवार, १२ नोव्हेंबर १९९०

निवृत्त होऊन आज बारा दिवस झाले. आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं सरकारच्या दक्षता शाखेत काढली, ती नजर वाया जाता कामा नये. (टेबल जावकचं होतं. पण शाखेतून बाहेर जाणारा प्रत्येक लखोटा माझ्या हातून जायचा. आत काय आहे ते मला नुसत्या वजनावरून कळायचं.)

संकल्प : १) सकाळी फिरणं. २) योगासनं, निदान पाच. ३) घरातल्या संशयास्पद बाबींचा छडा.

बाब एक. दूध पातळ. काल दूधवाल्याच्या मागे सायकलवरून कर्नाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत गेलो. शेवटी तो थांबला आणि मला चहा पाजला. घाबरला आहे.

बाब दोन. कुमुद. आमची ही रोज पावणेचारला पावडर लावून बाहेर पडते ती सहानंतर उगवते. विचारलं. म्हणाली, "मुलांच्या संस्थेत जाते, सप्टेंबरपासून जाते, तुम्हाला तीनदा सांगितलंय." कसली मुलं? तर युद्धात सापडलेली. युद्ध कुवेतला आणि मुलं पनवेलला? नकाशा काढून बघितलं. जमत नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

पाठलाग केला. कुमुदच्या मागे चाळीस पावलं, हातात पिशवी, चेहरा भाजी आणायला निघाल्यासारखा. बाजारापलीकडे बंद पडलेली एक भातगिरणी आहे, तिच्या पुढच्या हॉलमध्ये ती शिरली. दारावर पाटी : "सोबत. आखातातून परतलेल्या मुलांसाठी."

खिडकीतून अर्धा तास पाहणी. नोंदी खालीलप्रमाणे.

मुलं सतरा. आपल्याकडचीच दिसतात, मोहल्ल्यातली, गावांतली, दोनतीन मद्राशी.

मुलं चित्रं काढत होती. झाड, डोंगर, सूर्य काही नाही. सगळी नकाशे काढत होती! लांब रस्ता, रस्त्यावर ठिपके, ठिपक्यांपुढे आकडे.

एक शब्द सारखा कानावर येत होता : "खुबूस." सांकेतिक असावा.

कोपऱ्यात मोठा रेडिओ, एरियल खिडकीबाहेर.

एक उंच पुरुष. मिशा. कुमुद त्याच्याशी हसून बोलली. माझ्याशी शेवटची हसून कधी बोलली ते आठवून लिहीन.

तेवढ्यात झाडलोट करणारी बाई मागून आली आणि म्हणाली, "काय बगता वं? आत या ना, बाकडा हाय बसाला." मी भाजीचा भाव विचारला आणि निघालो.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

कुमुद स्वतःहून सापळ्यात आली. जेवताना म्हणाली, संस्थेला गणित शिकवायला कोणीतरी हवंय, तुम्ही याल का? मुलांचं वर्ष बुडालंय. दाखले कुवेतच्या शाळेत राहिले, इथल्या शाळा दाखल्याशिवाय घेत नाहीत, तोवर अभ्यास चालू राहायला हवा.

मी चेहरा निर्विकार ठेवला. "बघू" म्हणालो. आतून मात्र आनंद झाला. आत शिरायला याच्याहून चांगली संधी नाही. गणित शिकवण्याच्या निमित्ताने गोपनीय तपास.

आसनं झाली नाहीत. पाठ धरली आहे.

सोमवार, १९ नोव्हेंबर

पहिला दिवस. संस्था चालवणाऱ्या चारुताबाई घाणेकर, पंचेचाळिशीच्या, शाळेतली नोकरी सोडलेल्या. (का सोडली?) त्यांनी मला जराही चौकशी न करता घेतलं. वय नाही, शिक्षण नाही, ओळखपत्र नाही. म्हणाल्या, "या सबनीसकाका, कुमुदताईंनी सांगितलंय." अशा ढिलाईने संस्था चालत असेल तर अवघड आहे.

व्यवहारी अपूर्णांक घेतले. मुलं शांत होती. मग वरून विमान गेलं. मुंबईकडे जातं तसंच, रोजचं. सतराच्या सतरा मुलं एका क्षणात बाकांखाली! कोणी ओरडलं नाही, कोणी ढकललं नाही. विमान गेल्यावर परत वर येऊन बसली आणि एकीने विचारलं, "छेद किती घेतला होता?"

हे शिकवून घेतल्याशिवाय होत नाही. कवायत आहे ही. कोणी शिकवली?

बुधवार, २८ नोव्हेंबर

मिशीवाल्याचं नाव उदयसिंह मोहिते. कुवेतला कंपनीची बस चालवत होता. म्हणतो की ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य घुसल्यावर यातल्या बऱ्याच मुलांना त्याने त्याच बसमधून बसऱ्याला, तिथून बगदादला, आणि पुढे वाळवंटातून जॉर्डनपर्यंत आणलं. तिथून विमानाने मुंबई. मुलं तोच रस्ता काढतात. ठिपके म्हणजे बस थांबली त्या जागा. आकडे म्हणजे तिथे पाण्याच्या किती बाटल्या उरल्या होत्या ते.

आणि खुबूस म्हणजे तिकडची भाकरी.

सगळं ऐकून घेतलं. एवढ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे तयार असावीत, हेच मला खटकतं.

तो मला "सर" म्हणतो. उगाच कोणी कोणाला सर म्हणत नाही.

बुधवार, ५ डिसेंबर

लक्ष आता एका मुलीवर. आसिफा. वय नऊ. आई आणि ती मोहल्ल्यात मामाकडे राहतात. बाप तिकडेच राहिला. कंपनीच्या गोदामाची राखण करायला मालकाने ठेवून घेतला म्हणतात. ऑक्टोबरपासून पत्र नाही.

मुलगी दाराजवळ बसते. चपला काढत नाही. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांवर डोळा. परवा मी चार वाजून वीस मिनिटांनी पोचलो तर म्हणाली, "काका, आज वीस मिनिट लेट." मी बसस्टँडवर गर्दी होती म्हणालो. म्हणाली, "आज तर बाजार बंद हाय." अशी पोरगी आमच्या शाखेत हवी होती.

पण तिच्याजवळ एक निळी पिशवी आहे आणि ती पिशवी ती कोणाच्या हाती लागू देत नाही. पाणी प्यायला जाताना गळ्यात. संडासला जाताना गळ्यात. काय आहे पिशवीत?

कुमुदला विचारलं. ती म्हणाली, "तिचं काहीतरी असेल. तुम्ही गणित शिकवा."

नेमकं हेच उत्तर मिळेल असं वाटलं होतं.

बुधवार, १२ डिसेंबर

यश! उदयसिंह मुलांना अंगणात लंगडी खेळायला नेतो. आज आसिफाने प्रथमच पिशवी खुंटीला लावली. रंजिता नावाच्या मोठ्या मुलीने तिला ओढून नेलं म्हणून. हॉलमध्ये मी एकटा. झाडूवाली सखूबाई मागे विहिरीवर.

पिशवीत : एक फ्रॉक, बिस्किटांचा चुरा, पाण्याची बाटली, आणि कापडात गुंडाळलेलं एक यंत्र. काळं. वीतभर. वर बत्तीस बटणं, एक लाल. पुढच्या टोकाला काच.

दाराकडे दोनदा बघितलं हे कबूल. थंडी होती.

यंत्र कोटाच्या आतल्या खिशात घातलं. पुरावा सुरक्षित. लाल बटण चुकूनही दाबू नये म्हणून घरी येईपर्यंत डावा हात छातीवर. वाटेत दोघांनी विचारलं, "सबनीस, बरं वाटत नाही का?"

गुरुवार, १३ डिसेंबर

बसस्टँडसमोर वेणूचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. वेणू केरळचा, पण पंधरा वर्षं इथे. यंत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, याचा पल्ला किती?

वेणू म्हणाला, "पंधरा फूट. टीव्हीचा रिमोट आहे, साहेब."

मी म्हणालो, रिमोट मी पाहिला आहे. (पाहिला नव्हता. आमच्या टीव्हीला उठून बटण पिळावं लागतं.) वरून रिमोट असेल, आतून काय आहे ते बघ. उघड.

वेणू म्हणाला, कशाला उघडायचा, चांगला आहे. मी म्हणालो, शासकीय काम आहे. उघडला. आत हिरवी पट्टी आणि रबराचा पापुद्रा. एक स्प्रिंग उडून कुठेतरी गेली. दोघांनी अर्धा तास जमिनीवर बसून शोधली. नाही.

वेणू म्हणाला, ठेवून जा, बघतो.

निष्कर्ष : रिमोट. पण नऊ वर्षांची मुलगी टीव्हीशिवाय नुसता रिमोट घेऊन का फिरेल? प्रकरण संपलेलं नाही.

शुक्रवार, १४ डिसेंबर

चारला पोचलो. आसिफा सगळ्यांच्या पिशव्या ओतत होती. एकेक दप्तर, एकेक डबा. रडत नव्हती. तिने सखूबाईचा केरसुद्धा चाळला. मग उंबऱ्यावर जाऊन बसली आणि सहा वाजेपर्यंत उठली नाही. विमान गेलं. सोळा मुलं बाकांखाली, ही उंबऱ्यावर तशीच.

तिची आई घ्यायला आली तेव्हा कळलं. घर सोडायला दहा मिनिटं मिळाली होती. बापाने सांगितलं, जरुरी तेवढंच घ्या. आईने कागद घेतले. मुलीने टीव्हीचा रिमोट घेतला. टीव्ही जुलैमध्येच आणला होता. तिचं म्हणणं, रिमोट माझ्याकडे असला की दुसरं कोणी आमच्या घरात बसून आमचा टीव्ही लावू शकणार नाही. फक्त अब्बा, आणि तेसुद्धा मी परत गेल्यावर.

ही सगळी माहिती भावनिक स्वरूपाची आहे. तपास करणाऱ्याने अशा गोष्टींत वाहून जायचं नसतं.

संध्याकाळी जेवलो नाही. आमटी खारट होती.

शनिवार, १५ डिसेंबर

सकाळी दुकान उघडायच्या आत वेणूकडे. दुकान बंद. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, बहिणीचं लग्न, गावाला गेला, नाताळानंतर येईल.

शटरच्या फटीतून पाहिलं. टेबलावर रिमोट दिसतो. दोन तुकड्यांत.

सोमवार, १७ डिसेंबर

नवीन घडामोड. चारुताबाईंनी सर्वांना बसवलं आणि म्हणाल्या, रिमोट सापडलाच पाहिजे, त्याशिवाय ही पोर सावरणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सबनीसकाका, तुम्ही दक्षता शाखेत होतात ना? तुम्हीच बघा."

नकार दिला असता तर संशय आला असता. सबब जबाबदारी स्वीकारली.

जबान्या घेतल्या. उदयसिंह : "सर, मी लंगडी घेत होतो, सगळी मुलं माझ्यासमोर होती. हॉलमध्ये कोण होतं?" हा प्रश्न मी वहीतून खोडला. कुमुद : "मी मागच्या खोलीत कपाट आवरत होते." बराच वेळ माझ्याकडे बघत होती. सखूबाई : "मी इहिरीवर व्हते. मना काय ठाव नाय. पन तुमी हालमदी व्हते ना, तुमाना काय दिसला?"

तिला सांगितलं, प्रश्न मी विचारायचे.

अहवालाचा मसुदा : "काम बाहेरच्या इसमाचं असावं."

शुक्रवार, २१ डिसेंबर

अहवाल कोणी वाचलाच नाही. मुलांनी स्वतःचा निकाल लावला. पिशवी खुंटीला लावायला रंजिताने सांगितलं, म्हणून चोर रंजिता. आज लंगडीत तिला कोणी घेतलं नाही. डबा खायला तिच्याजवळ कोणी बसलं नाही. एकाने फळ्यावर तिचं नाव लिहून पुढे "अली बाबा" लिहिलं, तिकडे चोराला तसं म्हणतात. ते मी पुसलं. तेवढं माझ्या हातात होतं.

रंजिता अकरा वर्षांची. बाप तिकडे गवंडी होता, आता मामाकडे कोन गावाला राहतात. वाळवंटातल्या छावणीत हिने आसिफाला आपल्या पांघरुणात घेतलं होतं म्हणे. आज आसिफा तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

कुमुदने विचारलं, "तुम्हाला झोप लागत नाही का?" म्हटलं, डास.

सोमवार, २४ डिसेंबर

रंजिता आली नाही.

मंगळवार, २५ डिसेंबर

आली नाही.

संकल्प : वेणू येताच रिमोट जोडून घ्यायचा, गुपचूप जागेवर ठेवायचा. सापडला म्हणून जाहीर करायचं. तपास यशस्वी, सगळे खूश, कोणाचं नुकसान नाही. इतका सोपा मार्ग आधी कसा सुचला नाही?

शुक्रवार, २८ डिसेंबर

वेणू आला. लाडू दिला. रिमोट जोडला, पण स्प्रिंग नसल्याने मागचं झाकण बसत नाही, म्हणून रबरबँड लावला. मी म्हणालो, रबरबँड ओळखू येईल. वेणू म्हणाला, "शासकीय काम आहे ना, साहेब? चालतं."

त्याचा सूर आवडला नाही.

बुधवार, २ जानेवारी १९९१

नव्या वर्षाचे संकल्प : वरीलप्रमाणेच.

रिमोट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पुस्तक शोधायचं नाटक करत चार पावलं पुढे गेलो. लगेच मागून सखूबाई, "काका, हा तुमच्या हातातना सुटला."

मी म्हणालो, माझा नाही.

"आता तर ठेवलाव."

मी चष्म्याचं घर आहे म्हणालो आणि परत खिशात घातला. ही बाई फार बघते. हिच्यावर पाळत ठेवायला हवी.

गुरुवार, १० जानेवारी

दुसरा प्रयत्न. योजना : विमान येईल, मुलं बाकांखाली जातील, त्या अर्ध्या मिनिटात पिशवीत टाकायचा. विमान चार चाळीसला आलं. मुलं खाली गेली. मी पिशवीकडे वाकलो, तर पिशवीच्या पलीकडे, बाकाखालून, आसिफाचे डोळे.

ती म्हणाली, "काका, तुम्ही पण घाबरता? या, इथे जागा हाय."

गेलो बाकाखाली. गुडघे दुखले. ती जवळ सरकली. विमान जाईपर्यंत तिने माझ्या कोटाची बाही धरली होती. तोच कोट. आतल्या खिशापासून तिचा हात चार बोटांवर.

योजना तहकूब.

गुरुवार, १७ जानेवारी

पहाटे युद्ध सुरू झालं. बगदादवर बॉम्ब.

चार वाजायच्या आतच सगळे हॉलमध्ये. आया, मामा, आज्या. रेडिओभोवती माणसं उभी. रेडिओवाला एकेका गावाचं नाव घ्यायचा आणि मुलं आपापल्या नकाशावर त्या ठिपक्यावर बोट ठेवायची. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आसिफा माझ्याजवळ आली. तिने विचारलं, "काका, बॉम्ब पडला तर टीव्ही फुटतो का?"

मी म्हणालो, सगळीकडे नाही पडत.

"आमच्या घरावर?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

मग ती म्हणाली, रिमोट माझ्याकडे असता तर नसता पडला. एवढ्या खात्रीने म्हणाली की मला माझ्या कोटाचं वजन कळलं.

काढून दिला. सगळ्यांसमोर. रेडिओ चालू होता. मी म्हणालो, "मी घेतला होता. मला वाटलं, दुसरंच काहीतरी आहे." आणखी बरंच बोलायचं ठरवलं होतं, परिस्थिती, कर्तव्य वगैरे. तेवढंच बोललो.

रेडिओ कोणीतरी बारीक केला. कुमुद खाली बघत होती.

आसिफाने रिमोट उलटासुलटा केला, बटणं मोजली, बत्तीसच्या बत्तीस. मग म्हणाली, "हा रबर कोणी लावला?"

मी म्हणालो, वेणू नावाच्या माणसाने.

ती म्हणाली, "मग रंजिताला चोर का बोलले? तिला सांगा. आत्ता."

उदयसिंहने टेम्पो काढला. मी, कुमुद, सखूबाई, कारण ती पण कोनचीच. कोनला रंजिताच्या मामाच्या अंगणात भात वाळत होतं. मामी बाहेर आली. सखूबाईने सांगितलं, कशाला आलोय ते. मामी मला म्हणाली, "पोरीला चोर बोल्लं तवा कोन आला नाय. चार दिस जेवली नाय ती. येवरं शिकलेलं मानूस तुमी, तुमाला बोलाला काय झालता?"

रंजिता दारात उभी होती. तिला म्हटलं, चूक माझी, तुझी काही नाही, उद्या ये. ती आत निघून गेली.

तोंडी दिलगिरी व्यक्त केली, अशी नोंद करतो. खरं म्हणजे मला बोलता येत नव्हतं आणि कुमुद बोलली.

शुक्रवार, १८ जानेवारी

राजीनामा लिहिला, तीन प्रतींत. चारुताबाईंनी तिन्ही प्रती वाचल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या. म्हणाल्या, "उद्या सतराचा पाढा घ्या."

उदयसिंह म्हणाला, "सर, राहा हो."

चोरी कबूल केलेल्या माणसाला कोणी का ठेवून घेतं? घरी येऊन विचार केला. निष्कर्ष : गणिताला माझ्यासारखा माणूस त्यांना मिळणार नाही.

रंजिता आली. माझ्याशी बोलली नाही. आसिफाने तिला आपल्या बाकावर बसवलं आणि रिमोट तिच्या हातात दिला, धरायला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

नवीन जबाबदारी, मी स्वतःच घेतलेली. आसिफाच्या बापाच्या शोधासाठी पत्रं. दिल्ली, मुंबई, वकिलाती, रेड क्रॉस. सरकारी पत्र कुठल्या शब्दाने हलतं ते मला ठाऊक आहे. आतापर्यंत अकरा गेली. प्रत्येकावर "तातडीचे" लाल शाईत.

आसिफा रोज विचारते, उत्तर? मी म्हणतो, फाईल वर गेली आहे.

रंजिताने आज मला खडू आणून दिला. बोलली नाही, पण खडू दिला.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

युद्ध थांबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने विचारलं, "मग आता बसऱ्याचा रस्ता चालू झाला?" चारुताबाई म्हणाल्या, होईल हळूहळू.

पत्रं : एकोणीस. उत्तर : एक. "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे." असं पत्र मी हजारो वेळा रवाना केलं आहे. घरी आलेलं प्रथमच पाहिलं.

मंगळवार, २६ मार्च

आला! आसिफाचा बाप आला. दाढी वाढलेली, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, बाकी काही नाही. हॉलच्या दारात उभा राहिला. आसिफा दाराजवळच होती, सगळ्यांवर नजर ठेवून, आणि तिनेच त्याला ओळखलं नाही. मग त्याने तिला कुठल्यातरी घरच्या नावाने हाक मारली. पुढचं मी पाहिलं नाही. चष्मा पुसत होतो.

थोड्या वेळाने पुढे होऊन सांगितलं, मी सबनीस. एकवीस पत्रं पाठवली होती. कोणाच्या हाती लागली? दिल्लीच्या, की रेड क्रॉसच्या?

तो म्हणाला, "कसली पत्रं, काका? गोदाम जळलं, तेव्हा चालत निघालो. जॉर्डनच्या छावणीत दोन महिने भांडी घासली, मग जहाज मिळालं."

पत्रांचा परिणाम अप्रत्यक्ष झाला असावा. छावणीत जहाज कोणी पाठवलं, याचा शोध घेता येईल.

टीव्हीचं विचारलं आसिफाने. तो म्हणाला, घरच राहिलं नाही, बेटा. ती म्हणाली, बरं. आणि त्याचा हात धरून, चपला (हल्ली दाराशी काढून ठेवते) न घालता, त्याच्याबरोबर चालत गेली. सखूबाई चपला घेऊन मागे धावली.

रविवार, २१ एप्रिल

आज निरोप समारंभ. जूनपासून सगळ्या मुलांना शाळेत प्रवेश मिळाले, चारुताबाईंनी पायपीट करून मिळवले. संस्थेचं काम संपलं. ईद नुकतीच झाली होती, आसिफाच्या आईने शीरखुर्मा आणला. मी भाषण तयार ठेवलं होतं, साडेचार पानं, विषय : "गणित आणि चारित्र्य." कोणी आग्रह केला तरच वाचायचं.

चारुताबाईंनी आभार मानले. कार्यकर्त्यांची नावं घेतली. सखूबाई. उदयसिंह. कुमुद. कपडे शिवून देणारी मोहल्ल्यातली दोन माणसं. प्रत्येकाला एक गुलाब. मी कोटाची बटणं लावून बसलो होतो. टाळ्या झाल्या. गुलाब संपले.

मग मुलांना बोलावलं. एकेकाला कंपासपेटी. रंजिता, आसिफा, सगळी सतरा. आणि शेवटी चारुताबाई म्हणाल्या, "सबनीसकाका."

गेलो. कंपासपेटी घेतली. मुलांनी सर्वांत जास्त टाळ्या मला वाजवल्या. रंजिताने तर शिट्टी वाजवली.

नंतर चारुताबाईंना बाजूला घेऊन विचारलं, काही चूक झाली का? मी कार्यकर्त्यांत होतो. त्या अवघडल्या. म्हणाल्या, "काका, तुम्हाला कुमुदताईंनी सांगितलं नाही?"

वाटेत कुमुदला विचारलं. ती चालत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही दूधवाल्याच्या मागे सायकलवरून जायला लागलात. दिवसभर खिडकीशी उभे. रिटायर झाल्यापासून माझ्याशी एक वाक्य सरळ बोलला नाहीत. मी चारुताताईंसमोर रडले. त्या म्हणाल्या, सतरा आहेत, अठरावे येऊ देत. गणिताला मास्तर होता आमच्याकडे, उदयसिंह घेत होता. त्याने सोडलं तुमच्यासाठी."

म्हणजे रिमोटनंतरसुद्धा ठेवून घेतलं ते...

"हो," म्हणाली. "त्या म्हणाल्या, मुलं चुकली तर आपण काढून टाकतो का?"

घरी आलो. चहा झाला. कुमुदने विचारलं, "राग आला?" मी म्हणालो, मला पहिल्या दिवसापासून कल्पना होती.

ती कपबश्या उचलून आत गेली.

कल्पना नव्हती. इथे तरी खरं लिहितो.

उद्या सोमवार. पावणेचारला कुमुद घरीच असेल, मीही. तिच्याशी काय बोलायचं याचे मुद्दे काढायला बसलो होतो. अजून एकही सुचलेला नाही.